उतारूंचं टेबल

चाचांनी ते टेबल मला दिलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे त्यांच्याबद्दल चार बरे शब्द माझ्या हातून लिहिले गेले तरी माझा राग निवळला असं कोणी समजू नये. निवळलेला नाही.

माझा धंदा जुन्या सामानाचा. हातखंब्याला हायवेला लागून माझी शेड आहे. कुठे घर पाडायला निघालं की त्याचे दरवाजे, खांब, तुळया, झोपाळ्याच्या कड्या मी उचलतो आणि पुण्या-मुंबईच्या बंगलेवाल्यांना विकतो. त्याआधी मी आंब्याच्या पेट्या वाहिल्या आणि वाशीच्या बाजारात एका दलालाच्या हाताखाली राहिलो. माझी शाळा तीच. रुमालाखाली हात घालून, तोंडाने एक शब्द न बोलता बोटं दाबून भाव कसा करायचा ते तिथे शिकलो. आणि समोरचा पहिल्या झटक्यात कबूल झाला तर आपण जास्त बोललो, हेही तिथेच शिकलो. सौदा झाला की मी वस्तूवर खडूने फुली मारतो. माझी फुली पडलेल्या मालाला या पट्ट्यात दुसरा व्यापारी हात लावत नाही. लावला तर माझं तोंड त्यांना माहीत आहे.

चाचांची खबर मला एका मासळीवाल्या बाईने दिली. ती स्कूटीवर टोपली बांधून आमच्या शेडपर्यंत यायची. एकदा बांगडे देता देता म्हणाली, "शेट, तू जुनी लाकडं घेतोस ना? आमच्याकडे एक म्हातारा हाय. त्याच्या घरात जहाजावरचा टेबल हाय. बाकी काय नाय. माणसं पण नाय."

आरे-वारेच्या रस्त्याने जाताना एका खाडीच्या तोंडाशी मुसलमानांची वस्ती आहे, तिथे चाचांचं घर. चिऱ्याचं, कौलारू. आजूबाजूची घरं याहून मोठी, स्लॅबची, रंगीत काचांची, आणि बहुतेकांना कुलपं. माणसं कुवेतला, दुबईला, नाहीतर मुंब्र्याला. ती मे महिन्यात येतात, गेटला ऑइलपेंट मारतात आणि जातात.

मी दारात उभा राहून म्हटलं, "टेबल बघायला आलो."

आतून एक लांब, वाकलेला माणूस हात पुसत आला. डोक्याला पांढरी टोपी, कमरेला लुंगी, लुंगीवर आचाऱ्याचं ॲप्रन. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "जेवलास काय?"

"नाही, पण मी टेबल..."

"टेबल उभ्याने बघायचा नसतो. बस."

मी समोरच्या बाकावर बसायला गेलो तर त्यांनी माझा खांदा धरला. "तिथं नको. तिथं टाकेवाली बसते." मग जरा सरकलो. "तिथं घरवाला." शेवटी दुसऱ्या बाजूच्या बाकाच्या मधोमध त्यांनी मला बसवलं. "हा बस. इथं कोण हाय ते अजून कळला नाय मला."

घरात आमच्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.

*

चाचा जहाजावर भंडारी होते. भंडारी म्हणजे खलाशांसाठी रांधणारा आचारी. मालाच्या जहाजांवर त्यांनी जन्म काढला. अटलांटिक किती वेळा ओलांडला असं विचारलं तर म्हणायचे, "मी कुठं बघितला अटलांटिक? मी डाळ बघितली." तरुणपणी एकदा वादळात गरम पातेल्यासकट ते पडले आणि पाय मोडला. जहाज थांबणार कसं? त्यांना इंग्लंडमधल्या एका बंदरावर उतरवलं आणि खलाशांच्या एका वसतिगृहात ठेवलं. आधी तिथे आपल्याकडचे आणखी काही जण होते. एकेक करून त्यांना जहाजं मिळाली. हिवाळा लागला तेव्हा त्या जेवणघरात चाचा एकटेच उरले. बाहेर बर्फ, पायाला प्लास्टर आणि समोर हे टेबल. वीस माणसं बसतील एवढं लांब.

वसतिगृह सांभाळणाऱ्याने त्यांना सांगितलं की हे टेबल एका जुन्या शिडाच्या जहाजातलं आहे. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी गरीब लोक घरदार सोडून अमेरिकेला जायचे, त्या जहाजांतलं. खालच्या मजल्यावर, जिथे सामान ठेवायचं तिथेच माणसंही भरायची. महिना-दीड महिना तिथेच राहायचं, तिथेच निजायचं, याच टेबलावर जेवायचं.

पाय बरा झाला, चाचा कामाला लागले. पण काही वर्षांनी त्यांचं जहाज पुन्हा त्या बंदराला लागलं तेव्हा वसतिगृह पाडायला काढलेलं होतं. चाचांनी टेबल मागितलं. कप्तानाला त्यांच्या हातची कोळंबीची कढी आवडायची, त्याने परवानगी दिली. फळ्या सुट्या करून, कांद्याच्या पोत्यांमध्ये दडपून त्यांनी ते मुंबईला आणलं आणि तिथून आंब्याच्या रिकाम्या ट्रकने घरी. बायको दारात उभी होती. तिला वाटलं होतं शिलाई मशीन येतंय.

लाकडाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही. त्या पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर मी टेबलाखाली आडवा झालो आणि मोबाइलच्या उजेडात पाहिलं. देवदारासारखं परदेशी लाकूड, हाताने ठोकलेले चौकोनी खिळे, पायांच्या तळाला भोकं. तिथे ते जहाजाच्या तळाशी बोल्टांनी आवळलेलं असणार. वर चारी बाजूंनी बोटभर उंचीची कड, ताटं घरंगळून खाली पडू नयेत म्हणून. माल खरा होता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

वर आलो तो चाचा म्हणाले, "खालून काय बघतोस? माणसं वर हायत."

*

ती माणसं म्हणजे खुणा. उतारूंनी चाकूने, सुईने, नखाने, जे हाताशी असेल त्याने केलेल्या. चाचा त्यांना 'उतारूलोक' म्हणायचे आणि त्यांच्याबद्दल असं बोलायचे की जणू शेजारीपाजारी राहतात.

एका टोकाला कोणीतरी छोटं घर कोरलं होतं. छप्पर, धुराडं, दार. खिडकी नव्हती. तो घरवाला. चाचा म्हणायचे, "वादळ आला की वरचा झाकण बंद करायचे. खाली काळोख, ओकाऱ्या, पोरांची रड. हा काळोखात घर कोरत होता. बघ, दार कसा वाकडा झाला."

"आणि खिडकी?"

"खिडकीच्या आधी बंदर आला."

शेजारी दोन मासे, एकमेकांकडे तोंड केलेले. ते दोघे भाऊ. एक मासा चांगला जमलेला, दुसरा भोपळ्यासारखा. धाकटा थोरल्याचं बघून करत होता, असं चाचांचं मत. टेबलाच्या कडेखाली, आतल्या बाजूला, हात घातला तरच लागायचे असे बारीक गोल खड्डे. कोण्या पोराने चमच्याने ठोकून ठोकून केलेले. आणि टाकेवाली. तिच्या जागेवर सुईच्या टोकाचे ठिपके होते, ओळीत, शिवणीसारखे. ही नवऱ्याकडे निघाली होती आणि नवऱ्याला तिने एकदाच पाहिलं होतं, म्हणे.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"टाके बघ. आधी लांब लांब हायत, मग जवळ जवळ. जसा गाव जवळ येतो तसा माणूस घाबरतो."

एकदा मी डोकं फिरलेलं असताना म्हणालो की ती कसली बाई, ते ठिपके वाळवीचे आहेत. चाचांनी माझ्या पुढ्यातलं ताट उचललं आणि आत नेलं. अर्धवट जेवलो होतो. सुरमई होती.

मासळीवाली ओट्यावर बसून मासे निवडत होती, ती हसली. "शेट, बाईमाणसाला वाळवी म्हणालास? आता बस उपाशी."

पुढच्या खेपेला चाचांनी मला टाकेवालीसमोर उभं केलं आणि म्हणाले, "वाळवी सरळ ओळीत खाते काय?" खात नाही. मला गप्प बसावं लागलं. माझ्या शेडमधल्या पोरांनी मला कधी गप्प बसलेलं पाहिलेलं नाही.

माझी जागा मात्र कोरी होती. त्या एवढ्या लांब टेबलावर, जिथे प्रत्येक हातभर अंतरावर काही ना काही खरडलेलं, तिथे माझ्यासमोरचं लाकूड गुळगुळीत. कोपरांनी घासून घासून झालेलं. चाचांना याची फार चुटपुट होती. "इथं कोणतरी बसायचा. रोज बसायचा. पण खूण नाय केली." मग माझ्यापुढे चाकू धरायचे. "तू कर. तुझी जागा हाय आता."

"चाचा, मी विकत घेतलेल्या मालावरच खूण करतो. तीसुद्धा खडूने. ओरखडा पडला की भाव पडतो."

"मग घे इकत."

"तुम्ही देताय कुठे?"

"तू बोल तर खरा," असं म्हणून ते हात पुसायचं फडकं टेबलावर पसरायचे.

*

फडक्याखालचा सौदा मीच त्यांना शिकवला. त्यांना तो फार आवडला. माझी बोटं कशी दाबायची, कुठल्या दाबाचा अर्थ काय, पूर्ण मूठ आवळली म्हणजे मंजूर, आणि फडक्याखालून हात काढून घेतला म्हणजे सौदा मोडला. हात आत आहे तोवर तिसऱ्याने तोंड घालायचं नाही, हा बाजाराचा नियम. मासळीवाली तो नियम पाळत नसे. ती दारातून ओरडायची, "चाचा, बोटं मोज, चोरील एखादं."

चाचा कच्चे होते असं मुळीच नाही. मी चढलो की तेही चढायचे. मी अडलो की ते कंटाळल्यासारखं करून कढी कशी झाली ते विचारायचे. शेवटी दोघांचेही हात आतच ठेवून ते म्हणायचे, "राहू दे. पुढच्या खेपेला. मी हात काढला नाय हां शेट." म्हणजे सौदा चालू आहे, दुसऱ्या कोणाला मी देणार नाही. हा त्यांनी काढलेला नवा कायदा होता. आमच्या बाजारात हात महिनाभर फडक्याखाली राहत नाही. पण मी चालवून घेतला. त्यातही माझा हिशोब होता: दुसरं गिऱ्हाईक येत नाही तोवर टेबल माझंच.

असा तो सौदा आठ-नऊ वर्षं चालला. दर महिन्याला एक शुक्रवार, त्यांची नमाज झाल्यावर. मी हातखंब्याहून जायचो, जेवायचो, बोटं दाबायचो, यायचो. माझी बायको मुंबईला मुलाकडे असते. नातवंडं आहेत, तिला तिकडे बरं वाटतं. मी खानावळीचा डबा खातो. त्यामुळे चाचांकडचं जेवण मला चुकवायचं नसे, हे कबूल करायला काही हरकत नाही. पण मी टेबलासाठी जात होतो. एवढं लक्षात ठेवा.

पावसाळ्यात चाचांचं वेगळंच. बाहेर समुद्र उधाणला की ते टेबलावरची चादर ओली करून, पिळून पसरायचे. कारण जहाज डोलायला लागलं की कोरड्या चादरीवरून ताटं सटकतात, ओलीवरून नाही. वाटी अर्धीच भरायची. पाणी मागितलं तर तांब्या दोन्ही हातांनी धरून, पाय फाकवून उभे राहायचे आणि लाट गेल्यावर ओतायचे. चिऱ्याच्या घरात, जमिनीवर.

"चाचा, घर हलत नाही."

"तुला नाय कळत. तू उतारू."

हा त्यांच्या तोंडचा सर्वात मोठा शब्द. त्यांच्या लेखी माणसांचे दोनच प्रकार होते, कामाचे आणि उतारू. उतारूला दर्या लागतो, कारण त्याच्या हाताला काम नसतं, असं म्हणायचे. "मी जन्मात उतारू झालो नाय. एक दिवस पण नाय." म्हणून ते त्या टेबलावर कधी बसले नाहीत. आम्हाला वाढायचं, म्हणजे मला आणि त्या उतारूलोकांना, आणि मग चुलीकडच्या दारात उभ्यानेच थाळी हातात घेऊन खायचं. मी कितीदा म्हटलं, बसा. त्यांचं ठरलेलं उत्तर होतं. "भंडारी उतारूंच्या पंगतीला बसत नाय. बसला तर वाढणार कोण?"

त्यांचा मुलगा कुवेतला. शुक्रवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. चाचा फोन मिरचीच्या डब्याला टेकवून ठेवायचे आणि कांदा चिरत बोलायचे.

"अब्बा, या ना इकडे. एकट्याने किती दिवस काढणार?"

"एकटा कुठं? हे बघ, शेट आलाय. आणि बाकीचे हायत."

"बाकीचे कोण?"

चाचा फोन उचलून टेबलावरून फिरवायचे.  मग तिकडून सून हसायची आणि विषय बदलायचा.

*

आता त्या दिवसाचं सांगतो.

दिवाळी होऊन गेली होती. समुद्र तळ्यासारखा शांत. मी गेलो तर टेबलावर चादर ओली. मी म्हटलं, "आज कसली लाट?" चाचा म्हणाले, "येते मागून."

त्यांनी मला वाढलं. मग दुसरं ताट आणलं, माझ्यासमोर ठेवलं आणि बाकावर टाकेवालीच्या शेजारी बसले.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी पाहिलं. मी लगेच सावध झालो. धंद्यात माणूस रोजची रीत मोडतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असतं. भाव वाढवायचा असतो, नाहीतर मालात खोट निघालेली असते. जेवताना ते फार बोलले नाहीत. एकदा विचारलं, "तू हा टेबल नेलास तर तुकडे करून विकशील काय? खरा सांग."

"ते गिऱ्हाइकावर आहे," मी म्हणालो. भाव व्हायच्या आधी मी कधीच गोड बोलत नाही.

मग त्यांनी फडकं पसरलं. मी हात घातला आणि मागच्या महिन्याचाच आकडा दाबला. तो काही त्यांना मान्य होण्यासारखा नव्हता, मी आपला सुरुवात म्हणून दाबला होता. चाचांनी बोटं दाबलीच नाहीत. त्यांनी माझी पूर्ण मूठ आपल्या हातात आवळली.

मंजूर.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? आठ-नऊ वर्षं जो माणूस एक बोट खाली आला नाही तो एका दाबात कबूल. माझ्या जागी बाजारातला कोणीही असता तरी त्याच्या मनात तेच आलं असतं. वाळवी लागली. नाहीतर दुसरा कोणी याहून कमी बोलला असेल. मी विचार केला नाही, अशा वेळी हात विचार करत नाहीत. मी मूठ सोडवली आणि एक बोट कमी करून पुन्हा दाबलं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. चिडलेले दिसले नाहीत. बराच वेळ हात तसाच ठेवला. त्यांचा हात थंड होता, ओला होता, चादरीमुळे असेल. मग त्यांनी तो काढून घेतला. फडक्याची घडी घातली, खांद्यावर टाकली आणि माझं ताट उचललं.

"जेवलास ना पोटभर?"

"चाचा, पुन्हा बोला की. हात काय काढताय?"

"जेवलास ना. मग झाला."

मी बाहेर आलो. मोटारसायकल चालू केली नाही, तिच्यापाशी नुसता उभा राहिलो. फाटकापर्यंत गेलेल्या गिऱ्हाइकाला मागे बोलावतातच. मी स्वतः शेकडो जणांना बोलावलंय. आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. तो थांबला. मला वाटलं, आता. मग दाराची कडी लागली.

मलाही राग आला. मी पुढचा महिना गेलो नाही. त्याच्या पुढचाही नाही. म्हटलं, तापू दे. मग जाऊ आणि त्यांच्या मनासारखा आकडा देऊन टाकू. तो आकडा मी ठरवूनही ठेवला होता.

*

मासळीवाली शेडवर आली तेव्हा तिच्या टोपलीत मासळी नव्हती. म्हणाली, "शेट, टेबल गेला."

"कुठे गेला?"

"हायवेच्या हॉटेलवाल्याने नेला. तो खाडीवर खेकडे घ्यायला आला होता, दारातून बघितला. त्याने आकडा बोलला, चाचा म्हणाला ने. एवढाच."

"भाव केला नाही?"

"नाय. तुझ्यासारखा कोण नाय."

मी मोटारसायकल काढली. ती मागून ओरडली की जाऊन उपयोग नाही, पण मी गेलो. घराला कुलूप होतं. नवीन, पितळी. खिडकीतून पाहिलं तर त्या खोलीत फरशीवर चार पायांच्या खुणा, तेवढीच जागा काळसर.

पुढचं तिनेच सांगितलं. चाचांचे डोळे गेले होते जवळजवळ. गॅस चालू ठेवून दोनदा झोपले होते. मुलगा येऊन घर विकून त्यांना घेऊन जाणार हे दिवाळीच्या आधीच ठरलं होतं. चाचांनी मुलाला एकच सांगितलं होतं की टेबलाचं मी बघतो, त्याचा माणूस ठरलेला आहे.

"तुला त्याने सांगितला नाय काय?" मासळीवाली म्हणाली. "आम्हा सगळ्यांना म्हणत होता. शेटला देणार, तो शिव्या देईल पण जपेल. तुला नाय बोलला?"

नाही बोलले. हेच माझं म्हणणं आहे. माणसाला तोंड आहे. एवढी वर्षं त्या बाईच्या टाक्यांबद्दल, त्या भावांच्या माशांबद्दल तासन्‌तास बोलले. मला एक वाक्य सांगायला काय हरकत होती? शेट, मी चाललो, हे ठेव. एवढंच. मी एक बोट काय, पाचही बोटं उघडली असती. पण नाही. फडक्याखाली मूठ आवळायची आणि समोरच्याने ओळखायचं. सौद्यात मनातलं ओळखायचं नसतं, उलट मनातलं कळू नये म्हणून तर वर फडकं घालतात. हे मी त्यांना शिकवताना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"गाडीत हाताला धरून बसवला त्याला," ती म्हणाली. "मुलाने त्याच्या अंगात कोट घातला होता. मी म्हटला, चाचा, विमानात जेवण देतात म्हणे आयता. तर हसला. म्हणाला, बाय, आता मी पण उतारू."

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात तिनेच सांगितलं की चाचा गेले. तिकडेच दफन केलं. वाळूत. समुद्र तिथून किती लांब आहे ते तिला माहीत नव्हतं. मलाही विचारायला दुसरं कोणी नव्हतं.

*

ते हॉटेल माझ्या रोजच्या वाटेवर आहे. वर्षभर मी तिथून जाताना दुसऱ्या बाजूला बघायचो. परवा दुपारी डबेवाला आला नाही, म्हणून थांबलो. दुसरं काही कारण नव्हतं.

टेबल काउंटरच्या समोरच होतं. मी ओळखलंच नाही आधी. काचेसारखं चकचकीत पॉलिश. वर टिश्यूचे डबे, सॉसच्या बाटल्या. मालक तरुण आहे, मला धंद्यामुळे ओळखतो. अभिमानाने म्हणाला, "काका, काय दशा होती याची. सगळं खरवडलेलं. सुताराकडून खड्डे भरून घेतले, दोनदा घासलं, मग पॉलिश. आता नवीन वाटतं की नाही?"

मी बोललो असतो तर त्याचं गिऱ्हाईक पळालं असतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवत गेलो. घर नव्हतं. मासे नव्हते. टाकेवालीच्या जागेवर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारलेला, बोटाला काही लागत नव्हतं. काळोखात महिना-दीड महिना बसून केलेलं, चाचांच्या त्या एका हिवाळ्याला पुरलेलं, सगळं एका सुताराने दोन दिवसांत बुजवलं होतं.

मग मी कडेखाली हात घातला. तिथे सुतार वाकला नव्हता. चमच्याचे खड्डे तसेच होते, एकापुढे एक.

ते पोर कुठे बसायचं ते मला माहीत होतं. तिथून मोजत मी माझ्या जागेवर आलो आणि बसलो. समोरच्या बाकावर दोन ट्रकवाले जेवत होते, टाकेवालीच्या आणि घरवाल्याच्या जागेवर. ते कधी ताटाकडे बघत होते, कधी मोबाइलकडे.

खिशात खडू होता. असतोच. पॉलिशवर खडू उमटेना. मी मोटारसायकलची किल्ली काढली, डाव्या हाताने टेबल धरलं आणि माझ्यासमोर दोन रेघा ओढल्या. एक आडवी, एक तिला छेदून. पॉलिशखालचं लाकूड निघेपर्यंत जोर लावला. वास आला, जुन्या लाकडाचा, कांद्याचा.

वेटर धावत आला. "ओ काका, काय करताय?"

"भाव पाडतोय," मी म्हटलं. "जेवण आण."